यान कुठवर पोचलं, हे कळतं कसं?

२४ सप्टेंबर २०१४, बुधवार. मी तेव्हा बारामतीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आदल्या रात्रीपासून वालचंदनगरला मामांकडे मुक्कामाला होते. सकाळी साडेसातला अख्खं घर टीव्हीपुढे. मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरणार होतं. टीव्हीवरची मंडळी मात्र गप्प, नुसती स्क्रीनकडे बघत बसलेली. निवेदक सांगत होता की यान आता मंगळाच्या मागे गेलंय, संपर्क तुटलाय. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "काय गं, ते यान आत्ता नेमकं कुठाय, हे ह्यांना कळतंय कसं? तिथं काय किलोमीटरचे दगड रोवलेत का?"

मी घरातली एकमेव सायन्सवाली. ऐटीत म्हणाले, "जीपीएस असणार मामा."

उत्तर साफ चुकीचं होतं. आज मी पीएचडी करतेय ती रेडिओ संकेतांवरच. पल्सार नावाच्या ताऱ्यांचे संकेत गोंगाटातून वेचून काढायचं काम. तेव्हा मामांच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला मला उशीर झाला असला, तरी आता ते देता येईल. हा लेख म्हणजे तेच उत्तर. मामांसाठी, आणि ज्यांना ज्यांना वाटतं की यानावर कुठून तरी कॅमेरा रोखलेला असतो, त्यांच्यासाठी.

आधी हे सांगते की मामांच्या घरात ही उत्सुकता इतकी का होती. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे आणि मग जंक्शन लागतं. (हो, गावाचं नावच जंक्शन.) तिथून आत वळलं की वालचंदनगर. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इथे साखर कारखाना उभारला. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनायला लागली आणि १९७० च्या दशकापासून इस्रोसाठीही कामं सुरू झाली. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असतं. ते इंधन ज्या पोलादी नळकांड्यात भरतात त्याला मोटार केसिंग म्हणतात. व्यास २.८ मीटर, म्हणजे आत उभं राहून हात वर केला तरी छताला टेकणार नाही. धातू साधं पोलाद नाही, मॅरेजिंग स्टील; पातळ ठेवूनही प्रचंड दाब सोसणारं. अशी केसिंग वालचंदनगरला बनतात. चंद्रयान-३ ज्या रॉकेटवरून गेलं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या एस-२०० बूस्टरचे भागही इथलेच. मामा साखरेच्या यंत्रांच्या बाजूला फिटर होते, रॉकेटच्या कामाला त्यांनी कधी हात लावला नाही. पण रॉकेट उडालं की कॉलनीत पेढे वाटले जायचे, आणि पेढा खाताना विभाग कोण विचारतो?

आता थोडी विरजण घालणारी गोष्ट. ५ नोव्हेंबर २०१३ ला दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२५ उडालं, आणि त्याचा पहिला टप्पा दोन मिनिटांच्या आत आपलं काम उरकून बंगालच्या उपसागरात पडला. ठरल्याप्रमाणेच पडला. मंगळापर्यंत जे गेलं ते वेगळंच. इंधन धरून १,३३७ किलो वजनाचं एक खोकं, ज्यात वैज्ञानिक उपकरणं अवघी १५ किलोंची. त्याला तिथं पोचायला जवळजवळ ३०० दिवस लागले. त्या ३०० दिवसांत कुणीही ते पाहिलं नाही. पाहणं शक्यच नव्हतं, कारण इतकी लहान वस्तू कोट्यवधी किलोमीटरवरून कुठल्याही दुर्बिणीतून दिसत नाही. ते फक्त ऐकलं गेलं.

जीपीएस का नाही, ते एका वाक्यात: जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांची तोंडं जमिनीकडे असतात. त्या दिवशी मंगळ होता २२ कोटी ४० लाख किलोमीटरवर.

मग उरतं काय? पहिली गोष्ट म्हणजे हिशेब. दर आषाढात तुकोबांची पालखी आमच्या याच रस्त्याने जाते. बारामतीचा मुक्काम, मग सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. निमगावात बसलेल्या माणसाला पालखी दिसत नसते, तरी ती आत्ता कुठं असेल हे तो सांगतो, कारण मुक्काम ठरलेले, चाल ठरलेली. फरक पडलाच तर कुणाचा तरी फोन येतो, "बेलवाडीतनं निघायला तासभर उशीर झालाय." मग तो आपला अंदाज दुरुस्त करतो आणि स्वयंपाकाला सांगतो की भाकरी जरा उशिराने टाका. यानाचंही असंच. सूर्य, पृथ्वी, मंगळ यांचं गुरुत्वाकर्षण आपल्याला नीट माहीत आहे. यान अमुक वेगाने अमुक दिशेला सोडलं की पुढच्या प्रत्येक मिनिटाला ते कुठं असायला हवं, हे आधीच काढून ठेवलेलं असतं. प्रश्न असतो तो फक्त बेलवाडीतून येणाऱ्या फोनचा, म्हणजे हिशेब आणि प्रत्यक्ष यांच्यात किती फरक पडलाय, हे कळण्याचा.

तो फोन म्हणजे यानाचा रेडिओ संकेत. आणि गंमत अशी की संकेतात यानाने काय सांगितलं, यापेक्षा ते कुठल्या सुरात सांगितलं, याला जास्त महत्त्व आहे.

हे समजायला ऊसतोडणीच्या हंगामात जंक्शनच्या फाट्यावर उभं राहा. कारखान्यावर ऊस खाली करून मोकळे ट्रॅक्टर परत निघतात तेव्हा जरा सुसाट असतात, आणि गाणी अशी मोठ्याने लावलेली की जमीन थरथरते. ट्रॅक्टर तुमच्याकडे येत असताना गाणं किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतं. शेजारून गेला की त्याच क्षणी सूर खाली घसरतो. गाणं बदललेलं नसतं, ड्रायव्हरला तर काहीच फरक जाणवत नाही. येताना आवाजाच्या लाटा पुढून दाबल्या जातात, जवळजवळ येतात. जाताना त्या ताणल्या जातात. हाच डॉप्लर परिणाम. ट्रॅक्टर ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चाललाय असं धरा. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे येताना सूर ३ टक्के वर, जाताना ३ टक्के खाली. एकूण फरक ६ टक्के, आणि पेटीवर एका स्वरापासून अगदी शेजारच्या स्वरापर्यंत, म्हणजे कोमल रे पासून सा पर्यंत, साधारण एवढंच अंतर असतं. भजनाला बसणाऱ्या माणसाला ट्रॅक्टरचा वेग कानाने सांगता यायला हवा. मी थट्टा करत नाहीये. मूळ सूर माहीत असेल आणि ऐकू आलेला सूर मोजता आला, तर वेग निघतो. एवढंच सूत्र आहे.

यानाच्या बाबतीत आवाजाऐवजी रेडिओ लहर आणि तिचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. तिथे सेकंदाला १० मीटरने पडणारा फरक फक्त ३ कोटींत एक. ऐकायला अशक्य वाटतं. पण मंगळयानाचा संकेत सेकंदाला सुमारे २३० कोटी वेळा कंप पावत होता. त्याचा ३ कोटींवा भाग म्हणजे सेकंदाला ७७ कंपनं, आणि तेवढी तर आरामात मोजता येतात. खरं तर सेकंदाला काही मिलिमीटर एवढा फरकसुद्धा पकडता येतो. कोट्यवधी किलोमीटरवरची वस्तू मुंगीच्या चालीने जरी हळू किंवा जलद झाली, तरी पृथ्वीवर कळतं.

यात एक मेख आहे. मूळ सूर माहीत हवा, असं मी वर म्हटलं. पण यानावरचं घड्याळ थंडी-उन्हात थोडं इकडंतिकडं होतं, मग सूर यानाच्या वेगामुळे हलला की घड्याळ बिघडल्यामुळे? म्हणून सूर पृथ्वीवरूनच पाठवतात. बेंगळुरूजवळच्या ब्यालालू इथे इस्रोची ३२ मीटर आणि १८ मीटर व्यासाची अँटेना आहेत. अणुघड्याळाच्या तालावर तिथून संकेत सोडायचा. यान तो घेतं, ठरलेल्या अपूर्णांकाने, म्हणजे २४० भागिले २२१ ने, त्याची वारंवारता वाढवतं आणि परत पाठवतं. तोच सूर जसाच्या तसा परत का नाही पाठवत? कारण मग स्वतःच्याच आवाजात त्याला पृथ्वीचा बारीक आवाज ऐकू येणार नाही. आता जाताना एकदा आणि येताना एकदा असा डॉप्लर दुप्पट होतो आणि घड्याळाचा घोळही मिटतो. शिवाय संकेत जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, अगदी आडात दगड टाकून आवाज यायला लागलेल्या वेळावरून पाणी किती खोल आहे हे ताडतात तसं.

माझ्या एका वर्गमैत्रिणीने इथे बरोबर शंका काढली होती. डॉप्लरने फक्त आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग कळतो. यान आडवं सरकलं तर? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात आवडतं. पृथ्वी फिरते, त्यामुळे तुम्ही-आम्ही इंदापुरात खुर्चीवर बसल्या बसल्या सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे चाललेलो असतो. यान उगवतीला असताना आपण त्याच्या दिशेने, मावळतीला असताना त्याच्यापासून दूर. म्हणून त्याचा सूर रोज वर-खाली हेलकावतो. हा हेलकावा किती मोठा, आणि नेमका कधी मध्यावर येतो, यावरून यान आकाशात किती उत्तर-दक्षिण आणि किती पूर्व-पश्चिम आहे, ते काढता येतं. आपलंच गरगरणं आपल्या उपयोगी पडतं. आणखी बारकाईसाठी दोन दूरच्या अँटेनांवर एकाच वेळी संकेत ऐकून त्यांच्या येण्यातला सूक्ष्म फरक मोजतात. तो भाग लांबेल, पुन्हा कधीतरी.

ऐकण्याला किती किंमत असते, याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला पुरावा उड्डाणाच्या तारखेत आहे. मंगळयान आधी २८ ऑक्टोबरला निघणार होतं. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा संपल्यावर चौथा पेटण्याआधी सुमारे २५ मिनिटं रॉकेट नुसतं तरंगत जाणार होतं आणि चौथा टप्पा पेटणार होता प्रशांत महासागरावर, जिथे खाली फक्त पाणी. म्हणून इस्रोने शिपिंग कॉर्पोरेशनची 'नालंदा' आणि 'यमुना' ही दोन जहाजं अँटेना लावून तिकडे रवाना केली. 'यमुना' वेळेत फिजीला पोचली. 'नालंदा' खराब हवामानात अडकली. आणि रॉकेट तयार, यान तयार, तरी उड्डाण एक आठवडा पुढे ढकललं. मंगळाकडे निघायची संधी २६ महिन्यांतून एकदा येते, त्यातले आठ दिवस एका जहाजाची वाट बघण्यात घातले. ऐकायला कुणी नसताना इंजिन पेटवायचं नाही, असा सरळ हिशेब.

पुढचा महिना यान पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत होतं. पीएसएलव्ही तसं लहान रॉकेट, थेट मंगळाच्या वाटेला लावण्याइतकी ताकद त्यात नव्हती. मग काय केलं? झोक्यावर बसलेल्या पोराला तुम्ही कधी ढकलता ते आठवा. झोका खाली, सगळ्यात वेगात असतो तेव्हा दिलेला जोर सगळ्यात जास्त कामी येतो. यान लंबगोल कक्षेत फिरत पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की तिथे इंजिन थोडं पेटवायचं. दर वेळी दुसरं टोक आणखी लांब जायचं: २८,८२५ किलोमीटर, मग ४०,१८६, मग ७१,६३६.

११ नोव्हेंबरला घोळ झाला. वेग सेकंदाला १३० मीटरने वाढायला हवा होता, वाढला फक्त ३५ ने. इंधनाच्या झडपेची मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही कॉइल एकदम चालवून बघताना इंधनाचा प्रवाहच थांबला होता. एक लाख किलोमीटरऐवजी यान ७८,२७६ वर अडकलं. उणीव किती राहिली हे तंतोतंत माहीत असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, जादा ज्वलन करून ते १,१८,६४२ किलोमीटरवर नेता आलं. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर ००.४९ ला इंजिन सुमारे २२ मिनिटं चाललं आणि यानाने पृथ्वी सोडली.

त्यानंतरचा प्रवास कंटाळवाणा झाला, आणि कंटाळवाणा झाला म्हणजे चांगला झाला. एकूण वाट सुमारे ६६ कोटी किलोमीटरची; मंगळ समोर दिसतो तिकडे सरळ निघायचं नसतं, तो दहा महिन्यांनी जिथे येणार तिकडे सूर्याला वळसा घालत जायचं असतं. वाटेत ११ डिसेंबरला आणि पुढे ११ जूनला दिशा जराशी दुरुस्त केली. ऑगस्टमध्ये आणखी एक दुरुस्ती ठरली होती. ती रद्द केली, कारण सूर सांगत होता की यान वाटेवरच आहे.

आता पुन्हा त्या बुधवारच्या सकाळी येऊ.

मंगळाजवळ पोचलेल्या यानाला ब्रेक लावायचा होता. वेग सेकंदाला सुमारे १,१०० मीटरने कमी केला नाही, तर ते मंगळाला ओलांडून सरळ निघून जाणार. ज्या इंजिनावर हे सगळं अवलंबून होतं, ते १ डिसेंबरपासून जवळजवळ ३०० दिवस बंद. दोन दिवस आधी, २२ सप्टेंबरला, ते फक्त चार सेकंद पेटवून पाहिलं होतं. चार सेकंदांत वेग बदलला सेकंदाला २.२ मीटरच्या आसपास. सुरात फार तर १७ कंपनांचा फरक, पण तेवढ्यावरून कळलं की इंजिन जागं आहे. (नसतं, तर आठ छोट्या इंजिनांवर भागवायची योजनाही तयार होती.)

अडचण अशी की मंगळावरून संकेत यायला त्या दिवशी साडेबारा मिनिटं लागत होती. म्हणजे इथे बसून काही करण्यात अर्थ नव्हता. सगळ्या आज्ञा यानाला दहाएक दिवस आधीच देऊन ठेवल्या होत्या. ७ वाजून १७ मिनिटं ३२ सेकंदांनी इंजिन पेटणार. ७ वाजून २१ मिनिटं ५० सेकंदांनी यान मंगळाच्या आड जाणार. ७ वाजून ४१ मिनिटांच्या पुढे इंजिन बंद होणार, आणि ७ वाजून ४५ मिनिटं १० सेकंदांनी यान पलीकडून बाहेर येणार. हे सगळं तिथलं वेळापत्रक, इथे प्रत्येक गोष्ट साडेबारा मिनिटांनी उशिरा.

जरा वजाबाकी करून बघा. इंजिन एकूण २४ मिनिटं चालायचं होतं. त्यातली जेमतेम सव्वाचार मिनिटं पृथ्वीला ऐकू येणार होती. साडेसातला इंजिन पेटल्याचं कळलं, टाळ्या झाल्या, आणि ७ वाजून ३४ मिनिटांनी आवाज बंद. उरलेलं २० मिनिटांचं ज्वलन मंगळाच्या पाठीमागे, वर सूर्यही झाकलेला, यान बॅटरीवर. मामांनी प्रश्न विचारला तो नेमका या वेळात. आणि मी म्हणाले जीपीएस.

खरं उत्तर असं द्यायला हवं होतं: मामा, या क्षणी त्यांनाही कळत नाहीये. त्यांना फक्त एवढं माहीत आहे की सगळं नीट झालं असेल तर आवाज अमुक सेकंदाला परत येईल. इंजिन मध्येच बंद पडलं असेल तर यानाची वाट वेगळी पडेल, आणि ते मंगळाच्या कडेवरून वेगळ्याच क्षणाला डोकावेल. म्हणजे शांतता किती वेळ टिकली, हीच पहिली बातमी.

आठच्या सुमारास आवाज आला, वेळेवर. इंजिन १,३८८ सेकंद चाललं होतं, वेग सेकंदाला १,०९९ मीटरने उतरला होता. यान मंगळाभोवती जवळचं टोक ४२२ आणि लांबचं टोक सुमारे ७७,००० किलोमीटर अशा कक्षेत स्थिरावलं. टीव्हीवर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. माझं साडेसातचं लेक्चर बुडालं ते बुडालंच.

पण शांतता दर वेळी अशी फुटत नाही. दोन वर्षांनी, १९ ऑक्टोबर २०१६ ला, याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, असंच एक ऐकणं चाललं होतं. खोडदची जीएमआरटी तुम्ही नारायणगावला जाताना पाहिली असेल: ४५ मीटर व्यासाच्या ३० जाळीदार तबकड्या, वाय आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण खरं तर आकाशगंगा आणि पल्सार ऐकण्यासाठी आहे. त्या रात्री तिला वेगळं काम होतं. युरोप आणि रशियाच्या एक्झोमार्स मोहिमेचा 'स्कियापरेली' नावाचा लँडर मंगळावर उतरणार होता. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा संकेत सोबतच्या यानांसाठी होता, पृथ्वीसाठी नव्हेच. तरी तो पृथ्वीवर थेट ऐकता येतो का, हा प्रयोग.

संकेत किती क्षीण असेल? समजा लँडरने ५ वॅट, म्हणजे एका एलईडी दिव्याएवढी ताकद, चहूकडे सोडली. सुमारे १७ कोटी ६० लाख किलोमीटर अंतर कापेपर्यंत ती अफाट पसरते. खोडदच्या सगळ्या तबकड्यांचं क्षेत्रफळ एकत्र धरलं तर सुमारे १२ एकर भरतं. त्या १२ एकरांत मिळून जी ऊर्जा पडते, ती एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्या दहा लाखाव्या भागाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. गोंगाटाच्या मैदानात एक बारीक रेघ. ती दिसायला लागते ती एवढ्याचसाठी की ती एकाच सुरात असते आणि गोंगाट सगळ्या सुरांत.

रात्री आठनंतर लँडर ताशी २१,००० किलोमीटर वेगाने मंगळाच्या वातावरणात शिरला. वेग उतरत गेला, तशी खोडदच्या पडद्यावरची रेघ वळत गेली. या वारंवारतेवर वेगात सेकंदाला एक मीटरचा फरक पडला की सुरात सव्वा कंपनाहून थोडा जास्त फरक. वातावरणाचं घर्षण, पॅराशूट उघडणं, सगळं त्या वळणात. आणि मग उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या सुमारे ५० सेकंद आधी रेघ संपली.

नंतर कारण कळलं. लँडर किती वेगाने गरगरतोय हे मोजणारं उपकरण साधारण एक सेकंदभर त्याच्या कमाल मर्यादेवर अडकलं. संगणकाने तो आकडा खरा मानला आणि हिशेब केला की आपण जमिनीच्या खाली आहोत. मग पॅराशूट सोडून दिलं, ३० सेकंद चालायची इंजिनं तीनच सेकंदांत बंद केली, आणि ३.७ किलोमीटर उंचीवरून तो दगडासारखा पडला. दुसऱ्या दिवशी नासाच्या यानाने घेतलेल्या फोटोत जमिनीवर एक काळा डाग होता. बरोबरचं मुख्य यान मात्र ठरल्याप्रमाणे कक्षेत गेलं. फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं. एका वर्षी मी तिथे गेले होते आणि त्या तबकड्यांखाली उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपण करावं. रेघ कुठे संपली, हे सांगता येणं ही काही लहान गोष्ट नाही. 

मंगळयान सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, ते साडेसात वर्षं बोलत राहिलं. जून २०१५ मध्ये मंगळ सूर्याच्या आड गेला तेव्हा काही दिवस गप्प होतं, पुन्हा बोलायला लागलं. जानेवारी २०१७ मध्ये मंगळाच्या लांबलचक सावलीत अडकू नये म्हणून इंधन खर्चून त्याची कक्षा बदलली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लांब ग्रहण आलं आणि त्यानंतर संकेत आला नाही. इंधन संपलं असावं, असा निष्कर्ष काढून ऑक्टोबर २०२२ मध्ये इस्रोने मोहीम संपल्याचं जाहीर केलं.

मागच्या हंगामात मी मामांना घेऊन जंक्शनच्या फाट्यावर उभी राहिले. फोनवर आवाजाची वारंवारता दाखवणारं फुकटचं ॲप टाकलं होतं. चार ट्रॅक्टर गेले. पहिल्या तिघांच्या गाण्यात इतकी वाद्यं की पडद्यावर नुसता चिखल. चौथ्याने फाट्यावरची गर्दी बघून लांबूनच हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. रेघ ठळक उमटली आणि आमच्या शेजारून जाताना खाली घसरली. आम्ही वेग काढला: ताशी ३३ किलोमीटर. मामांना तो कमी वाटला. ते म्हणाले, मोकळा ट्रॅक्टर चाळीसच्या खाली कुणी चालवत नाही. आम्ही रस्त्यापासून थोडे लांब उभे होतो, म्हणून वेग खराच थोडा कमी निघतो, हे मी त्यांना सांगितलं.

परत येताना मोटरसायकलवर मागून त्यांनी विचारलं, "मग ते आपलं यान आता कुठं असंल?"

हिशेबाने मंगळाभोवतीच, असं म्हणाले मी. कक्षा माहीत आहे, गुरुत्वाकर्षण माहीत आहे. पण बेलवाडीहून फोन यायचा बंद झालाय, त्यामुळे हिशेब दुरुस्त करायला काही नाही. जितके दिवस जातील तितका अंदाज ढिला होत जाईल.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लासुर्ण्यात थांब जरा, भाजी घ्यायचीय."